गायकाला गप्प करणारी पट्टी!

तुझं सगळ्यात लाडकं गाणं आठव बघू. आठवलं? आता ते मनातल्या मनात वाजव. पण एक अट आहे हं! ढोलकी चालू, गिटार चालू, बासरी चालू, फक्त गाणारा गप्प!

जमतंय का? मला तर मुळीच जमत नाही! त्याला कितीही दामटून बसवा, गाणारा आपला मध्येच सुरू होतो.

पण ओळख पाहू, हे कोणाला सहज जमतं? हल्लीच्या काही फोनना!

गाणी ऐकायचं ‘ॲपल म्युझिक’ नावाचं एक ॲप आहे. २०२२च्या डिसेंबरमध्ये त्यात ‘सिंग’ नावाची सोय आली. गाण्याचे शब्द उघडायचे, माइकचं चित्र दाबायचं, की पडद्यावर एक छोटीशी पट्टी येते. बोटानं ती खाली ओढ. गायकाचा आवाज बारीक... आणखी बारीक... जवळजवळ गेलाच की! वाद्यं मात्र तशीच दणक्यात. आता गा तू!

‘हॅ, त्यात काय मोठंसं,’ असं म्हणशील. ‘प्रत्येक गाण्याच्या दोन प्रती ठेवल्या असतील. एक गायकासकट, एक गायकाशिवाय.’

चूक! साफ चूक! फोनकडे असतं ते एकच गाणं, सगळं एकत्र झालेलं. ते वाजत असतानाच फोन त्यातून गायकाला बाजूला काढतो. तिथल्या तिथे! त्यासाठी डोकंही तसंच तल्लख लागतं. म्हणून तर ही सोय आली तेव्हा जुन्या आयफोनवर ती चालतच नव्हती. निदान आयफोन ११ हवा होता.

हे किती अवघड आहे माहितीये? घरी पावभाजी झाली आहे असं समज. बटाटा, वाटाणा, फ्लॉवर, टोमॅटो, सगळं रटरट शिजवून वर खसाखसा घोटलंय. आणि आता कुणीतरी म्हणालं, ‘यातला फक्त बटाटा काढून दे. वाटाण्याला धक्का लावायचा नाही!’

बसला ना डोक्याला हात लावून?

म्हणूनच आधीच्या लोकांनी या भानगडीत न पडता सरळ उपाय शोधला. बटाटा घालायचाच नाही!

जपानमध्ये कोबे नावाचं शहर आहे. तिथे दाइसुके इनोऊए नावाचा एक वादक होता. लोक गायचे आणि तो साथ करायचा. एकदा एका गिऱ्हाइकानं त्याला सहलीला सोबत बोलावलं. तिथे गायचं होतं ना! इनोऊएला काही जाता येईना. मग त्यानं काय केलं असेल? नुसती साथ वाजवून टेपवर भरली आणि टेपच पाठवून दिली! त्यातून त्याला युक्ती सुचली. १९७१ मध्ये त्यानं नाणं टाकलं की साथ वाजवणारी ११ यंत्रं तयार करवून घेतली. (त्याच्याही आधी, १९६७ मध्ये, टोकियोच्या शिगेइची नेगिशी यांनी असंच एक यंत्र बनवलं होतं. चांगल्या कल्पना एकाच वेळी दोघांच्या डोक्यात येतात, गणिताच्या तासाला येतात तशा!)

इनोऊएनं आपल्या यंत्राचं पेटंट घेतलंच नाही. पुढे जगभर अशा तयार साथीवर गाण्याची, म्हणजे कराओकेची, धमाल उडाली, पण त्याला त्यातून खजिना काही मिळाला नाही. मिळालं काय, तर २००४ साली शांततेचं ‘इग नोबेल’ पारितोषिक! हसवता हसवता विचार करायला लावणाऱ्या कामांना देतात ते. कारण काय दिलं, ऐक. या माणसानं लोकांना एकमेकांना सहन करायला शिकवलं! सोसायटीच्या गणपतीत एखाद्या काकांचं कराओके ऐकलं असशील, तर तुला हे लगेच पटेल.

पण इनोऊएच्या युक्तीत प्रत्येक गाण्याची साथ नव्यानं वाजवावी लागते. तुला तर खरं गाणंच हवंय, त्यातल्या खऱ्या वाद्यांसकट. मग?

मग एक गमतीदार वजाबाकी! कानात इअरफोन घाल. डाव्या कानात येणारं गाणं आणि उजव्या कानात येणारं गाणं अगदी एकसारखं नसतं बरं का! गिटार डावीकडे जास्त असेल, बासरी उजवीकडे. पण गायक बहुतेक वेळा दोन्हीकडे सारखाच असतो. म्हणून तर तो डोक्याच्या मधोमध गातोय असं वाटतं. आता डाव्यातून उजवं वजा कर. गायक वजा गायक, उरलं शून्य! गिटार राहिली. आणि राहिली उणे बासरी. उणे बासरी? हो! तिच्या आवाजाची लाट उलटी होते, इतकंच. कानाला ती तरीही बासरीच वाटते!

झकास आहे ना युक्ती? पण तिच्यात एक मोठी खोट आहे. ड्रमसेटमधला तो थोरला ढोल आणि बेस गिटार यांनाही बहुधा मधोमधच बसवतात. वजाबाकीत गायकाबरोबर तेही गेले! उरतं काय, तर दात पडलेल्या आजोबांसारखं बोळकं गाणं.

आणि आता येते खरी कमाल. हल्लीची बरीचशी यंत्रं गाणं नुसतं ऐकत नाहीत, ती गाणं बघतात! आवाजाचं चित्र काढता येतं. डावीकडून उजवीकडे वेळ. खालून वर आवाजाची पट्टी, म्हणजे जाड आवाज खाली आणि बारीक आवाज वर. जिथे आवाज मोठा, तिथे रंग भडक.

या चित्रात ढोलाचा ‘धम्म’ दिसतो एका उभ्या फटकाऱ्यासारखा. आणि माणसाचा आवाज? एकावर एक रचलेल्या कितीतरी नागमोडी रेषा! कारण गाताना आपल्या गळ्यातून एकच सूर निघत नाही. तू सेकंदाला ३०० कंपनांचा सूर लावलास, तर त्याच क्षणी ६००, ९००, १२०० असे सूरही निघतात. चक्क तीनशेचा पाढा! आणि आवाज वळला की त्या सगळ्या रेषा एकदम वळतात. कवायतीला हात वर करणारी अख्खी रांगच जणू!

पण हे यंत्राला शिकवलं कोणी? कोणी बसून नियम लिहून दिले नाहीत. त्याला नुसता सराव दिला. जी गाणी अजून ‘घोटलेली’ नव्हती, तीच घेतली. गायक एका वाटीत, ड्रम दुसऱ्या वाटीत, बेस तिसऱ्या आणि बाकी सगळं चौथ्या वाटीत. संशोधक वापरतात तो अशा गाण्यांचा एक प्रसिद्ध संच आहे. त्यात १५० गाणी आहेत, साधारण १० तासांची. यंत्राला घोटलेलं गाणं द्यायचं आणि विचारायचं, ‘सांग, गायक कुठे आहे?’ ते ठोकून देतं काहीतरी. मग वाट्या उघडून दाखवायच्या. चुकलं? थोडी दुरुस्ती. पुन्हा चुकलं? पुन्हा दुरुस्ती. पुन्हा, पुन्हा, पुन्हा! ते कंटाळतही नाही आणि पाणी प्यायला जाऊ का असंही विचारत नाही. शेवटी चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याकडे बघून ते सांगू लागतं, ‘यात गायक एवढा आणि वाद्यं एवढी.’ फ्रान्समधल्या ‘डीझर’ या गाण्यांच्या कंपनीनं २०१९ मध्ये असा एक प्रोग्राम सगळ्यांना फुकट वापरायला दिला.

आणि हीच कला उलटी वापरली तर? गायक ठेवायचा आणि वाद्य काढायचं! बीटल्स नावाचा इंग्लंडचा फार प्रसिद्ध गट होता. त्यातला जॉन लेनन १९८० मध्ये गेला. त्याच्या आवाजातलं एक अर्धवट गाणं घरगुती कॅसेटवर राहून गेलं होतं. पण गाण्यात पियानो असा मिसळलेला, की आवाज सुटा होईना. १९९५ मध्ये त्याच्या मित्रांनी प्रयत्न करून बघितला आणि सोडून दिला. मग असं यंत्र आलं, त्यानं आवाज अलगद सोडवला आणि २०२३ मध्ये ‘नाऊ अँड देन’ हे गाणं जगानं ऐकलं. पुढे त्याला ग्रॅमी पुरस्कारसुद्धा मिळाला!

पडद्यावर शब्द बरोबर वेळेवर कसे उजळतात, हेही तुला विचारायचं असेल ना? ते त्या मानानं सोपं आहे. प्रत्येक ओळीला एक वेळ चिकटवलेली असते. ००:१२.५० म्हणजे गाणं सुरू झाल्यावर साडेबारा सेकंदांनी ही ओळ. ‘सिंग’मध्ये तर ओळच नाही, त्यातला एकेक तुकडा सुरासुरावर उजळतो. दोघांचं गाणं असेल तर एकाचे शब्द डावीकडे आणि दुसऱ्याचे उजवीकडे. भांडण नको!

आता एक गुपित सांगते. गायक पुरता जात नाही! ‘स’ आणि ‘श’ म्हणून बघ. सूर लागतो का त्यात? नुसती हवा सुटते, स्स्स्! चित्रात त्याच्या नागमोडी रेषा येत नाहीत, वरच्या भागात धुरकट पट्टा दिसतो. आणि झांजेचा आवाजही बराचसा तसाच दिसतो. मग यंत्र फसतं! गायक मागे घुमवत ठेवतो तो आवाजही कधी कधी वाद्यांत अडकून राहतो.

तेव्हा कोणाच्या तरी फोनवर ती पट्टी मिळाली, की अगदी तळाला ओढ. इअरफोन लाव, डोळे मीट आणि ‘स’ असलेल्या शब्दांवर नीट कान ठेव. झांजेच्या आडून तो हळूच डोकावेल. सापडला रे सापडला, की लगेच ओरड, ‘गायक इस्टॉप!’