चाहत्याची नोंदवही

इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या एखाद्या कलावंताला वाहिलेली, चाहत्याने पदरचे पैसे घालून चालवलेली वेबसाइट ही मुळात एक सूची असते. तिच्यावर छायाचित्रे असतात, कार्यक्रमांच्या तारखा असतात, जुन्या मुलाखतींची कात्रणे असतात. पण ती वर्षानुवर्षे टिकते ती सूचीच्या बळावर. कोणती तबकडी कोणत्या साली, कोणत्या कंपनीने, कोणत्या नावाने काढली आणि तिच्या कोणत्या बाजूला काय आहे, हे बिनचूक लिहून ठेवणे हे तिचे खरे काम. त्यासाठी ना मोठे शहर लागते ना कचेरी. डब्लिन विमानतळाच्या उत्तरेला असलेल्या स्वोर्ड्ससारख्या गावातल्या घराच्या मागच्या खोलीत हे काम जसे होऊ शकते, तसेच डोंबिवलीतल्या दोन खोल्यांतही. एक संगणक, वर्षाकाठी थोडा खर्च आणि न सुटणारे वेड, एवढे भांडवल पुरते.

हे वेड इलेक्ट्रॉनिक संगीताच्या वाट्याला जास्त आले, त्यालाही कारण आहे. गायकाला त्याचा गळा ओळख देतो. सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर एकट्याने काम करणाऱ्याला गळा नसतो. बहुतेक वेळा चेहराही नसतो. कव्हरवर एखादी आकृती, मागे चार ओळी, आणि नाव दर वेळी वेगळे. आयर्लंडमधल्या लिमरिक येथे १८ ऑगस्ट १९७१ रोजी जन्मलेला आणि इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात वाढलेला रिचर्ड डी. जेम्स हा याचा सर्वांत मोठा नमुना. जगाला तो अ‍ॅफेक्स ट्विन म्हणून माहीत आहे. पण एएफएक्स, पॉलिगॉन विंडो, कॉस्टिक विंडो, गॅक, पॉवर-पिल अशा अनेक नावांनी त्याच्या तबकड्या निघाल्या. २००७ साली द टस या नावाने संगीत आले आणि ते दुसऱ्याच कुणा दोघांचे असल्याचे सांगण्यात आले. चाहत्यांना ते पटले नाही. त्यात ऐकू येणारे यामाहा जीएक्स-१ हे वाद्य इतके दुर्मीळ होते की ते बाळगणाऱ्यांची नावे बोटांवर मोजता यावीत. पुढे त्यांचा तर्क खरा ठरला. २०१५ साली साउंडक्लाउडवर एका निनावी खात्यातून शेकड्याने अप्रकाशित तुकडे येऊ लागले. त्या खात्याचे नाव पुढे ‘यूझर १८०८१९७१’ असे झाले. सूची ठेवणाऱ्यांना त्या आकड्यांत जन्मतारीख वाचायला वेळ लागला नाही.

ध्वनिमुद्रणाच्या आरंभी परिस्थिती याच्या अगदी उलट होती. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जानचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा गाणे संपताच ती स्वतःचे नाव मोठ्याने सांगत असे. तबकड्या जर्मनीतल्या हॅनोवरला तयार होत आणि तिथल्या कारागिरांना कोणते गाणे कोणाचे हे कळावे म्हणून ही सोय होती. शतकाच्या शेवटी कलावंतच आपले नाव लपवू लागला आणि नाव पुकारण्याचे काम ऐकणाऱ्याकडे आले.

हे काम किती दूर जाऊ शकते ते १९९४ सालच्या ‘सिलेक्टेड अ‍ॅम्बियंट वर्क्स, व्हॉल्यूम टू’ या अ‍ॅफेक्स ट्विनच्या अल्बमवरून दिसते. त्यात वीसहून अधिक रचना आहेत आणि एका ‘ब्लू कॅल्क्स’चा अपवाद सोडला तर एकीलाही नाव नाही. नावांच्या जागी लहान लहान छायाचित्रे आहेत आणि सहा वर्तुळे. इंग्लंडमध्ये हा अल्बम तीन एलपींवर निघाला, म्हणजे सहा बाजू. प्रत्येक बाजूसाठी एक वर्तुळ. वर्तुळाच्या फाकी रचनांच्या लांबीप्रमाणे लहानमोठ्या कापलेल्या आहेत. रचना लांब तर फाक मोठी. कोणते चित्र कोणत्या रचनेचे, हे ओळखण्याचा मार्ग एकच होता: घड्याळ लावून प्रत्येक रचना मोजायची, फाकीशी ताडायची आणि फाकीवरून चित्रापर्यंत पोहोचायचे. चाहत्यांनी ते केले. पुढची पायरी त्याहून धीट होती. चित्रांत जे दिसले त्यावरून रचनांना नावे देण्यात आली. कड्यांच्या चित्रावरून ‘क्लिफ्स’, झाडावरून ‘ट्री’, एकीला ‘रूबार्ब’, एकीला ‘लायकन’, म्हणजे मराठी मसाल्यातले दगडफूल. ही नावे मुख्यतः ग्रेग ईडन या चाहत्याने रूढ केली आणि तो पुढे हा अल्बम काढणाऱ्या वॉर्प याच कंपनीत कामाला लागला. आज समीक्षक ‘रूबार्ब’ असेच लिहितात, ऐकणारे तसेच म्हणतात. कलावंताने कोरी सोडलेली जागा सूचीकाराने भरली आणि ती भरलेलीच राहिली. संगीताच्या इतिहासात चाहत्याच्या नोंदीला इतका मान क्वचित मिळाला असेल.

त्याच अल्बमची एक रचना मूळ तबकडीवर होती पण मूळ सीडीवर नव्हती. आवृत्त्यांमधला असा फरक ही सूचीकाराची रोजची भाकरी. त्यासाठी तो पाहतो ती तबकडीची सर्वांत दुर्लक्षित जागा: शेवटचे गाणे संपते तिथपासून मधल्या कागदी लेबलापर्यंतचा गुळगुळीत पट्टा. तिरप्या उजेडात धरला की त्यावर बारीक अक्षरे दिसतात. कारखान्यात साचा ओळखता यावा म्हणून कोरलेला तो क्रमांक असतो. लेबल चुकीचे चिकटू शकते, कव्हर बदलले जाऊ शकते. साच्यावरचा क्रमांक मात्र प्लास्टिकमध्येच उमटलेला असतो. कधी क्रमांकाशेजारी साचा कापणाऱ्या कारागिराची सहीही सापडते. इंग्लंडच्या जॉर्ज पेकहॅमने कापलेल्या तबकड्यांवर ‘अ पॉर्की प्राइम कट’ असे कोरलेले असते आणि जाणकार ते पाहून तबकडीची किंमत करतात.

चाचणीसाठी काढलेल्या मोजक्या प्रतींवर तर बहुधा कोरे पांढरे लेबल असते. तिथे या कोरीव अक्षरांचाच आधार. कॉस्टिक विंडोचा १९९४ सालचा अल्बम असाच चाचणीप्रतींवर अडकून राहिला होता. २०१४ साली त्यातली एक प्रत १३,५०० डॉलरना विक्रीला आली, तेव्हा चाहत्यांनी संबंधित कंपनीची परवानगी घेऊन किकस्टार्टरवर वर्गणी काढली, ती विकत घेतली आणि वर्गणीदारांना तिच्या डिजिटल प्रती दिल्या. मूळ तबकडी नंतर लिलावात ४६,३०० डॉलरना गेली. ती घेतली ‘माइनक्राफ्ट’ खेळाचा कर्ता मार्कुस पेर्सन याने. वीस वर्षे चाचणीप्रतींत राहिलेले संगीत अशा रीतीने ऐकणाऱ्यांपर्यंत पोहोचले.

एकेका कलावंताच्या या सूच्यांना मोठे भावंड मिळाले ते २००० साली. अमेरिकेत केव्हिन लेवांडोव्स्की याने सुरू केलेली डिस्कॉग्ज ही सर्वांनी मिळून भरायची सूची आरंभी फक्त इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी होती. इतर प्रकार तिच्यात मागाहून आले. क्रमांक, साल, देश हे सगळे आता तिथे मिळते. एकाच कलावंतामागे लागलेल्या माणसाला जे कळते, एखादी रचना कोणत्या कार्यक्रमात पहिल्यांदा वाजली, कोणत्या मुलाखतीत तिचा उल्लेख आला, ते मात्र अशा सर्वसमावेशक कोठारात मावत नाही.

मुंबईकडे असे पाठीराखे नव्हते, तेव्हा काय झाले हे चरणजीत सिंग यांच्या अल्बमच्या कथेत दिसते. हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे हे वादक. १९८२ साली एचएमव्हीने त्यांची ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही एलपी काढली. भैरवी, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग आणि वाजवणारी यंत्रे तीन, तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि टीबी-३०३ हे खर्जातल्या सुरांचे चिमुकले यंत्र. टीबी-३०३ गिटारवाल्यांना साथ देण्यासाठी बनवले होते. ते फारसे चालले नाही आणि काही वर्षांत बंद झाले. पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. मींडेची सवय असलेल्या कानाला ती परकी वाटण्याचे कारण नव्हते. पुढे शिकागोच्या तरुणांनी तेच यंत्र घेऊन त्याची बटणे पिळत एक चिरका, गिळगिळीत आवाज काढला. फ्यूचर या गटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही रचना १९८७ साली आली आणि अ‍ॅसिड हाउस हा प्रकार जन्मला, असे इतिहास सांगत होता. मुंबईची एलपी त्याच्या पाच वर्षे आधीची.

ती कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. एडो बौमन या डच संग्राहकाला २००२ साली दिल्लीत तिची प्रत सापडली आणि २०१० साली त्याने आपल्या बॉम्बे कनेक्शन या लेबलवरून ती पुन्हा काढली. ऐकणाऱ्यांची पहिली प्रतिक्रिया अविश्वासाची होती. ही बनवाबनवी असावी, एखाद्या युरोपीय संगीतकाराने रचलेला खोटा जुना माल असावा, असा संशय घेतला गेला. त्यात अ‍ॅफेक्स ट्विनचेही नाव आले. संशय फिटायला सूचीकाराची साधी साधने पुरली: १९८२ सालची मूळ एचएमव्ही तबकडी, तोवर तिन्ही यंत्रे बाजारात आली होती ही वस्तुस्थिती आणि मुंबईत हयात असलेला वादक. सिंग यांना पुढची काही वर्षे परदेशात वाजवण्याचा मान मिळाला. जुलै २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी चित्रपटांत नेमके कुठे कुठे वाजवले याची पूर्ण यादी मात्र करणे कठीण आहे, कारण तबकडीवर वादकांची नावे छापण्याची रीतच नव्हती. सापडलेल्या अल्बमच्या आनंदाला ही हानी झाकता येत नाही.

नोंद ठेवणारी माणसे मुंबईत नव्हती असे नाही. १९९० साली इथेच सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था सुरू झाली. तिचे मानद सचिव सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या तबकड्या जमवल्या, ऐकवल्या, त्यांच्यावर नियतकालिक काढले. त्यांचा जीव मात्र मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीत होता. ऐंशीच्या दशकातली डिस्कोची एलपी तेव्हा जुनीही नव्हती आणि नवीही.

आता अडचणी. वेबसाइट ही तबकडीसारखी फडताळात पडून राहत नाही. दर वर्षी पैसे भरले नाहीत तर ती नाहीशी होते. नाव भाड्याचे असते, जागाही भाड्याची. नावाची मुदत चुकली की ते कुणीही उचलतो आणि वीस वर्षांच्या सूचीच्या जागी जुगाराची जाहिरात दिसते. आयर्लंडचे डॉट आयई हे नाव घ्यायला त्या बेटाशी संबंध दाखवावा लागतो. २०१८ पर्यंत मागितलेल्या नावावर आपला हक्क काय हेही सांगावे लागे. एखाद्या बँडच्या नावावर नुसत्या चाहत्याने हक्क तो काय सांगावा?

फुकटची जागा त्याहून बेभरवशाची. नव्वदच्या दशकात असंख्य चाहत्यांनी जिओसिटीजवर पाने उभारली; याहूने २६ ऑक्टोबर २००९ रोजी ती सगळी बंद केली. आर्काइव्ह टीम या स्वयंसेवकांनी त्याआधी धावपळ करून बराच भाग उतरवून घेतला. मायस्पेसने २०१९ साली कबूल केले की २०१६ पूर्वी चढवलेले संगीत हरवले आहे. अंदाज होता पाच कोटी गाण्यांचा. त्यातली ४,९०,००० एका जुन्या संग्रहातून परत मिळाली. अनेक इलेक्ट्रॉनिक कलावंतांचे सुरुवातीचे काम तिथेच होते आणि कित्येक सूच्यांतले दुवे आता रिकाम्या पानावर जातात. फ्लॅश या तंत्रात बांधलेली पाने २०२० अखेर मुकी झाली. मराठीत याला आणखी एक पदर आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी जो मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी फाँटांत टंकला गेला, तो फाँट नसेल तर आज रोमन अक्षरांचा कचरा होऊन समोर येतो.

कायद्याची बाजूही चाहत्याच्या सोयीची नाही. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. १९८२ची एलपी २०४२ संपेपर्यंत कंपनीच्या मालकीची आहे. तिचा क्रमांक, साल, रागांची नावे लिहायला कुणाची आडकाठी नाही. ती ऐकवायला मात्र आहे. म्हणून प्रामाणिक सूचीत शब्द असतात, आवाज नसतो, आणि जिथे कंपनीने तबकडी पुन्हा काढलेलीच नाही तिथे वाचणाऱ्याला वर्णनावर भागवावे लागते.

सर्वांत अवघड प्रश्न वारसाचा. विशीत साइट सुरू करणारा आता पन्नाशीला आलेला असतो. परवलीचा शब्द त्याच्याच डोक्यात, पैसे त्याच्याच कार्डावरून जाणारे. तो आजारी पडला किंवा कंटाळला तर घरच्यांना त्या पानांचे मोल ठाऊक नसते. इंटरनेट आर्काइव्ह १९९६ पासून पानांच्या प्रती ठेवत आले आहे. पण ते पानाचा वरचा भाग टिपते, आतली माहितीची पेटी त्याच्या हाती लागत नाही. त्यामुळे जाणते सूचीकार सगळी सूची साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवतात, तिच्या दोनतीन प्रती वेगवेगळ्या घरी ठेवतात, आणि नावाची मुदत कधी संपते व ती कुठे वाढवायची हे कागदावर लिहून त्यातल्या एका प्रतीसोबत देतात.