शत्रूच्या ताब्यातही फडकणारे निशाण

वाचकहो, ध्वज म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आधी तिरंगा येतो, मग देवळाच्या शिखरावरची पताका येते, पंढरीच्या वाटेवरचे दिंडीचे निशाण येते. या साऱ्यांचे एक समान काम आहे. आपली माणसे कोणती, हे ते दुरून सांगतात. रणांगणावर तर ध्वजाला याहून मोठे काम नव्हते. धुरळ्यात आणि तोफांच्या धुरात आपली फौज कुठे उभी आहे हे शिपायाला दिसावे, एवढी साधी ती गरज होती. मात्र गेली एकशे साठ वर्षे जगात एक असाही ध्वज वावरतो आहे, जो ‘मी कुणाच्याच बाजूचा नाही’ असे सांगतो. तो आपण जवळजवळ रोज पाहतो : डॉक्टरांच्या मोटारीच्या काचेवर, औषधाच्या दुकानाच्या पाटीवर, मुलांच्या खेळण्यातल्या रुग्णवाहिकेवर. पांढऱ्या जमिनीवर लाल क्रॉस. या बहुतेक ठिकाणी तो असता कामा नये. माझे हे म्हणणे व्यवसायबंधूंना फारसे आवडत नाही, म्हणून ते जरा सविस्तर मांडतो.

२४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीतील सोल्फेरिनो येथे मोठी लढाई झाली. एका बाजूला फ्रान्स आणि सार्डिनिया, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रिया. मेलेले आणि जखमी मिळून आकडा चाळीस हजारांच्या घरात गेला. जिनिव्हाचा एक व्यापारी, हेन्री द्युनाँ, अल्जीरियातल्या आपल्या धंद्याच्या कामासाठी फ्रान्सच्या सम्राटाची गाठ घ्यायला निघाला होता. तो नेमका त्या सुमारास शेजारच्या कास्तिल्योने गावात पोचला. गावातली चर्च जखमींनी भरून गेली होती आणि डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. द्युनाँ डॉक्टर नव्हता. पण गावातल्या बायाबापड्यांना हाताशी धरून त्याने पाणी, पट्ट्या, कपडे यांची व्यवस्था लावली आणि ती लावताना जखमी कोणत्या फौजेचा हे विचारले नाही. १८६२ साली त्याने या अनुभवावर पुस्तक लिहिले आणि पुढच्या वर्षी जिनिव्हात पाच जणांची समिती स्थापन झाली. तीच आजच्या आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीची सुरुवात.

इथवरची कथा शाळेच्या पुस्तकांतही असते. त्यात बहुधा न सांगितलेली एक व्यावहारिक अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या काळी लष्करी इस्पितळांवर निशाणे नव्हती असे नाही. ती होती, पण प्रत्येक देशाची वेगळी. ऑस्ट्रियाचे पांढरे, फ्रान्सचे लाल. तिकडे अमेरिकेच्या यादवी युद्धात इस्पितळावर पिवळे निशाण लावत आणि पुढे त्यावर हिरव्या रंगात इंग्रजी एच हे अक्षर काढू लागले. समोरच्या डोंगरावरच्या तोफखान्यातल्या माणसाने हे सारे लक्षात ठेवायचे तरी कसे? त्याला दिसते ते परक्या फौजेच्या मुलखात परके फडके. म्हणजे निशाण लावूनही उपयोग शून्य. खूण तेव्हाच खूण होते, जेव्हा ती लावणारा आणि पाहणारा या दोघांनी ती आधीच मान्य केलेली असते.

म्हणून ऑक्टोबर १८६३ मध्ये जिनिव्हाला जी परिषद भरली, तिच्यापुढे सर्व देशांसाठी एकच खूण ठरवण्याचा प्रश्न आला. डॉ. लुई आपिया यांनी सुचवले की स्वयंसेवकांनी दंडावर पांढरी पट्टी बांधावी. पांढरे निशाण म्हणजे ‘लढत नाही, बोलायला आलो आहे’ हा संकेत पूर्वापार होताच. चर्चा झाली आणि त्या पांढऱ्या पट्टीवर लाल क्रॉस काढावा असे ठरले. क्रॉस का, लाल का, याचे कारण परिषदेच्या इतिवृत्तात नाही. ज्या खुणेने पुढे लाखो जीव वाचवले, तिच्या जन्माची कहाणी अशी कोरी आहे. स्वित्झर्लंडच्या ध्वजाचे रंग उलटे करून, त्या देशाच्या सन्मानार्थ ही खूण घेतली, हे स्पष्टीकरण करारात लिहिले गेले ते १९०६ साली, म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी! स्विस ध्वज लाल जमिनीवर पांढरा क्रॉस, हा पांढऱ्या जमिनीवर लाल.

आम्हा जैनांच्या पंचरंगी ध्वजाचे याच्या उलट झाले. महावीर निर्वाणाच्या अडीच हजाराव्या वर्षी, १९७४-७५ च्या सुमारास, सर्व पंथांनी मिळून तो स्वीकारला. पंचपरमेष्ठी आधी होते, त्यांच्यासाठी पाच रंग ठरले आणि मग कापड शिवले गेले. म्हणजे अर्थ आधी, ध्वज नंतर. रेड क्रॉसच्या बाबतीत ध्वज आधी आला आणि अर्थ त्याला लोकांनी आपल्या वागण्याने मिळवून दिला. अशा ध्वजाचा अर्थ वागण्यानेच नाहीसाही होऊ शकतो, आणि माझी काळजी तीच आहे.

२२ ऑगस्ट १८६४ रोजी बारा देशांनी पहिल्या जिनिव्हा करारावर सह्या केल्या. कलमे अवघी दहा. सातव्या कलमात इस्पितळांसाठी आणि रुग्णपथकांसाठी एकसारखा ध्वज ठरवला आणि त्याच्या शेजारी त्या देशाचा राष्ट्रध्वजही असावा असे म्हटले. पण समजा, इस्पितळ शत्रूच्या ताब्यात गेले, तर? १९०६ च्या करारात त्याचे उत्तर दिले आहे. अशा वेळी राष्ट्रध्वज खाली उतरवायचा आणि फक्त रेड क्रॉसचा ध्वज ठेवायचा. १९४९ च्या करारातही हा नियम कायम आहे. वाचकहो, या नियमावर क्षणभर थांबा. शत्रूच्या हाती पडल्यावर उतरतो तो राष्ट्राचा झेंडा. जखमींवरचा झेंडा तसाच राहतो, त्याखाली तीच खाट राहते, तोच डॉक्टर राहतो. असा मान दुसऱ्या कोणत्या ध्वजाला मिळाल्याचे मला ठाऊक नाही.

आता एक गुंता. क्रॉस ही धार्मिक खूण नाही असे करार करणारे कितीही म्हणोत, पाहणाऱ्याला ती धार्मिक वाटली तर काय करायचे? १८७६ साली तुर्कस्तानच्या ऑटोमन सरकारने कळवले की आपल्या मुसलमान सैनिकांना क्रॉस खटकतो, म्हणून आम्ही लाल चंद्रकोर वापरू आणि शत्रूच्या लाल क्रॉसचा मान राखू. १९२९ साली चंद्रकोरीला कराराची मान्यता मिळाली आणि तिच्यासोबत इराणच्या लाल सिंह-सूर्यालाही. इराणने १९८० साली आपला सिंह-सूर्य सोडून चंद्रकोर घेतली. इस्राएलच्या संस्थेला मात्र आपला लाल षट्कोनी तारा हवा होता आणि तो मान्य होईना. प्रत्येकाला आपापली खूण दिली तर पुन्हा सोल्फेरिनोपूर्वीची परिस्थिती येणार, ही भीती खरीच होती. अखेर डिसेंबर २००५ मध्ये तिसरी खूण मान्य झाली. कोनावर उभा केलेला लाल चौकोन, तिला लाल स्फटिक म्हणतात. तिच्यात कुणाचाच देव नाही. दिसायला थोडी रुक्ष आहे, पण तिचा गुण तोच.

जाता जाता आमच्या स्वस्तिकाचे सांगतो. सुपार्श्वनाथ तीर्थंकरांचे ते लांछन, दारात रोज काढायचे. १९३७ साली चीनमधल्या नानकिंग शहरात जपानी सैन्याने कत्तल केली, तेव्हा हजारो बेवारस प्रेतांना मूठमाती देण्याचे काम ‘लाल स्वस्तिक’ नावाच्या चिनी सेवासंस्थेने केले. तिच्या झेंड्यावर लाल स्वस्तिक होते. त्याच वर्षांत युरोपात तीच आकृती कोणत्या झेंड्यावर होती हे सांगायला नको. आकृतीत पुण्यही नसते आणि पापही नसते.

मग खुणेचा गैरवापर म्हणजे काय? कोलंबियातले उदाहरण बोलके आहे. २ जुलै २००८ रोजी तेथील सैन्याने बंडखोरांच्या ताब्यातून इन्ग्रिद बेतांकूर आणि इतर ओलिसांना एकही गोळी न झाडता सोडवले. जगाने वाहवा केली. पुढे उघड झाले की मदतसंस्थेचे लोक असल्याचा बहाणा करणाऱ्या त्या पथकातील एकाने अंगावर रेड क्रॉसची खूण घातली होती. राष्ट्राध्यक्ष उरिबे यांना ते मान्य करून रेड क्रॉसकडे दिलगिरी व्यक्त करावी लागली. हेतू चांगला होता, ओलीस सुटले, मग बिघडले कुठे? बिघडले असे, की त्यानंतर त्या जंगलात खरा रेड क्रॉसवाला गेला तर बंदूकधारी त्याच्याकडे संशयानेच पाहणार. एकाने एकदा खोटे निशाण लावले की पुढच्या शंभरांचे खरे निशाणही स्वस्त होते.

यापुढे मोटारीवरचे स्टिकर फारच किरकोळ वाटेल. तरी दोन्हींत नाते आहे. शांततेच्या काळात ही खूण औषधाच्या दुकानाची, पार्किंग मिळवण्याची, पोलिसाने गाडी अडवू नये म्हणून लावायची अशी होऊन बसली, तर युद्धाच्या दिवशी तिच्याकडे पाहून बंदूक खाली कोण करील? आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. आपल्या आजूबाजूच्या गावांत पलटणीत गेलेला भाऊ, मुलगा, जावई नाही असे घर शोधावे लागेल. त्याला गोळी लागली तर स्ट्रेचर घेऊन धावणाऱ्याच्या दंडावर हीच पट्टी असणार. ती पट्टी समोरच्याने ओळखली पाहिजे.

कायदाही आहे. भारतीय रेड क्रॉस सोसायटी १९२० च्या कायद्याने स्थापन झाली आणि स्वातंत्र्यानंतरही आपण तीच खूण ठेवली. जिनिव्हा करार कायदा, १९६० प्रमाणे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय लाल क्रॉस, लाल चंद्रकोर किंवा त्यांची नक्कल वापरता येत नाही. स्वित्झर्लंडचा लाल जमिनीवरचा पांढरा क्रॉसही वापरता येत नाही. डॉक्टर, खाजगी इस्पितळ, औषधविक्रेता, कुणालाही सूट नाही, मग तो ऍलोपॅथीचा असो की आमच्यासारखा साबुदाण्याएवढ्या गोळ्यांचा. दंड पाचशे रुपयांपर्यंत. १९६० साली ती रक्कम जड होती, आज तेवढ्यात स्टिकरचा गठ्ठा येतो.

माझ्या दवाखान्याची पाटी नव्याने रंगवायची होती, तेव्हा पेंटरने विचारले, “डॉक्टरसाहेब, लाल प्लस नसला तर दवाखाना आहे हे लोकांना कळायचे कसे?” मी म्हटले, “अक्षरे मोठी काढा.” त्याला ते पटले नाही. त्याचे तरी काय चुकले? त्याने जन्मभर लाल प्लसच काढले होते.

पर्याय तयार आहेत. अमेरिकेत रुग्णवाहिकांवर पूर्वी नारिंगी क्रॉस असे. तो आमच्या खुणेसारखा दिसतो, अशी तेथील रेड क्रॉसने १९७३ साली हरकत घेतली, आणि त्यातून सहा पाकळ्यांचा निळा तारा निघाला. मध्यभागी काठीला वेढा घातलेला साप. आपल्याकडेही तो रुग्णवाहिकांवर दिसू लागला आहे. युरोपात औषधाच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो. प्रथमोपचाराच्या पेटीसाठी हिरव्या जमिनीवर पांढरा क्रॉस ही आंतरराष्ट्रीय मानक खूण आहे. तुमच्या कारखान्यात, शाळेत, मंगल कार्यालयात लाल क्रॉसची पेटी टांगलेली असेल, तर हिरव्या रंगाचा एक छोटा डबा आणि अर्ध्या तासाची सवड एवढ्यावर ते काम होते.