पैसे थोडे, खेळ मोठा!

खेळासाठी संगणक जुळवायचा आहे आणि खिशात पैसे मोजकेच आहेत. मग दुकानदार सांगतो म्हणून महागडा प्रोसेसर घ्यावा काय? थांबा, आधी थोडे गणित करू.

सेकंदाला ६० चित्रे हवीत असे धरा. म्हणजे एका चित्राला मिळाले जेमतेम १६.७ मिलिसेकंद! तेवढ्यात प्रोसेसरने कोण कोठे आहे ते ठरवायचे आणि ग्राफिक्स कार्डाने १९२० × १०८० च्या पडद्यावरील २०,७३,६०० ठिपके रंगवायचे. कार्ड एक चित्र रंगवीत असते, तेव्हा प्रोसेसर पुढच्याच्या तयारीला लागलेला असतो. समजा, प्रोसेसरला ८ मिलिसेकंद लागतात व कार्डाला २५. चित्रे मिळतील सेकंदाला ४०. आता दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणा. चित्रे ४०च! पैसे मात्र गेले.

घरी जुना संगणक असेल तर अडते कोठे, हे स्वतःच तपासा. खेळात चित्रांच्या वेगावर मर्यादा असल्यास ती काढा आणि चित्राचा आकार १२८० × ७२० करा. ठिपके निम्म्याहून कमी झाले. चित्रे वाढली, तर कार्ड अपुरे पडत होते. तेवढीच राहिली, तर बहुधा प्रोसेसर.

रॅमची १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन बऱ्या. मदरबोर्डवरील दोन्ही मार्ग वापरात येतात. रंगीत दिव्यांची पेटी हवी कशाला? पॉवर सप्लाय मात्र हलका घेऊ नका. तो बिघडला तर शेजारच्या भागांनाही घेऊन जळू शकतो.