रिटायर्ड बसची सेकंड इनिंग

भंगारात निघालेली सिटी बस बाथरूम होऊ शकते, टॉयलेट होऊ शकते, अगदी शाळेचा वर्गसुद्धा! फक्त बस देणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही एक प्रश्न आधी विचारायला हवा.

ऑफिसला लेट होतोय म्हणून धावत पकडलेली, खिडकीची सीट मिळाली म्हणून मनातल्या मनात थँक्स म्हटलेली बस एक दिवस रस्त्यावर दिसेनाशी होते. तिच्या जागी नवीकोरी एसी बस येते आणि आपण जुनीला विसरूनही जातो. मुंबईत १५ सप्टेंबर २०२३ रोजी बेस्टची शेवटची जुनी, नॉन-एसी डबल डेकर धावली, तेव्हा तिला हारफुलं मिळाली, सेल्फी मिळाले. पण असा सेंड-ऑफ सगळ्यांच्या नशिबी कुठला? बहुतेक बस डेपोच्या कोपऱ्यात धूळ खातात आणि मग लिलावात जातात.

खरं तर बस रिटायर होते तेव्हा ती संपलेली नसते. इंजिन थकलेलं असतं, डिझेल जास्त पीत असतं, वर्कशॉपच्या फेऱ्या वाढलेल्या असतात. पण आत एका ऐसपैस खोलीएवढी जागा असते. छप्पर असतं, खिडक्या असतात, दार असतं. शहरात एवढी जागा मिळवायची म्हणजे काय, हे भाडं भरणाऱ्या कुणालाही विचारा! म्हणूनच जगभरात काही ठिकाणी अशा गाड्या सामाजिक संस्थांना देण्याची आयडिया निघाली.

नळ आला रस्त्यावर

यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचं. डोनिस सँडोव्हल ही तिथली कम्युनिकेशन क्षेत्रात काम करणारी बाई. रस्त्यावर राहणारी एक तरुणी रडत म्हणत होती, की आपण आता कधीच स्वच्छ होणार नाही. ते डोनिसच्या कानावर पडलं आणि डोक्यातून जाईना. बेघरांना जेवण देणाऱ्या जागा शहरात होत्या, पण अंघोळीचं काय? त्याच सुमारास शहरात फूड ट्रकची चलती होती. खाणं चाकांवर येऊ शकतं तर बाथरूम का नाही, असा साधासरळ विचार तिने केला.

तिथल्या 'म्युनी' या सार्वजनिक बससेवेने आपल्या रिटायर्ड बस देऊ केल्या आणि 'लावा मे' ही संस्था उभी राहिली. 'मला धुऊन दे' अशा अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून हे नाव घेतलंय. २०१४ मध्ये पहिली बस रस्त्यावर आली. आत दोन स्वतंत्र बाथरूम, प्रत्येकात शॉवर, टॉयलेट आणि बेसिन. पाणी कुठून? आग विझवण्यासाठी रस्त्यावर जे हायड्रंट असतात, तिथून रीतसर परवानगीने!

बस फुकट मिळाली, पण ती बाथरूममध्ये बदलायला सुमारे ७५ हजार डॉलर लागले. त्यात डिझेल, ड्रायव्हर, टॉवेल, साबण, साफसफाई आणि परवानग्या आल्याच नाहीत. शिवाय जुनी बस ती जुनीच, बिघडली की अंघोळ बंद. पुढे संस्थेने नव्या ठिकाणी बसऐवजी ओढून नेता येणारे ट्रेलर वापरायला सुरुवात केली. ते स्वस्त पडले आणि सांभाळायला सोपे. म्हणजे बसने आयडिया जगाला दाखवली, पण ती वाढली दुसऱ्याच चाकांवर.

पुण्याची 'ती'

हीच आयडिया आपल्या पुण्यातही पोचली. पोर्टेबल टॉयलेटच्या व्यवसायात असलेल्या उल्का सादलकर आणि राजीव खेर यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या बसबद्दल ऐकलं आणि २०१६ पासून पीएमपीएमएलच्या मोडीत निघालेल्या बसमधून खास महिलांसाठी टॉयलेट उभी केली. नाव 'ती'. आत भारतीय आणि वेस्टर्न, दोन्ही पद्धतीची टॉयलेट, बाळाचे कपडे बदलायला जागा, विकत घेता येणारे सॅनिटरी पॅड, छतावर सोलर पॅनल आणि लक्ष ठेवायला एक महिला कर्मचारी. वापरायला अगदी थोडे पैसे.

शॉपिंगला किंवा फिल्डवर्कला बाहेर पडलेली प्रत्येक मुलगी पाणी कमी का पिते, हे ठाऊक असेल तर या बसचं मोल वेगळं सांगायला नको. इथे एक फरक मात्र लक्षात घ्या. हा दानधर्म नव्हता, सोशल बिझनेस होता. बसचा रोजचा खर्च कुठून येणार, हे गणित पहिल्या दिवसापासून मांडणं भागच होतं.

इतर राज्यंही मागे राहिली नाहीत. २०२० मध्ये कर्नाटकच्या एसटी महामंडळाने बंगळुरूच्या मॅजेस्टिक बसस्थानकात जुन्या बसचं 'स्त्री टॉयलेट' केलं. त्याचा खर्च तिथल्या विमानतळ कंपनीने उचलला. केरळात २०२२ मध्ये जुन्या लो-फ्लोअर बस तिरुवनंतपुरमच्या एका सरकारी शाळेला वर्ग म्हणून द्यायचं ठरलं. या बस एका जागी उभ्या राहणाऱ्या आहेत, हे विशेष. इंजिनाची कटकटच नको!

छोटी गाडी, मोठा उपयोग

अमेरिकेतल्या सिएटल परिसरातली किंग काउंटी मेट्रो वेगळ्याच वाटेने गेली. तिथे ऑफिसला जाणारे लोक मिळून सरकारी व्हॅन वापरतात. या व्हॅन रिटायर झाल्या की त्यातल्या काही स्थानिक संस्थांना दिल्या जातात. वृद्धांना दवाखान्यात नेणं असो, नाहीतर मुलांना कार्यक्रमाला, छोटी व्हॅन लगेच कामाला लागते. ती चालवायला तिथे मोठ्या बसचं कमर्शियल लायसन्स लागत नाही, पार्किंगही सहज मिळतं. दान ग्लॅमरस नाही, पण पचणारं आहे.

आपल्याकडे घड्याळ टिकटिकतंय

भारतात मात्र या सगळ्याला एक डेडलाइन आहे. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि एसटीसारख्या सार्वजनिक परिवहन संस्थांच्या १५ वर्षांपुढच्या गाड्यांचं रजिस्ट्रेशन रिन्यू होत नाही. त्या अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रातच जायला हव्यात. हवेसाठी हे चांगलंच आहे, आणि काळा धूर सोडणारी गाडी एखाद्या संस्थेच्या गळ्यात मारू नये हेही खरंच. पण याचा अर्थ असा, की एखाद्या बसला दुसरं आयुष्य द्यायचं असेल तर तो निर्णय वेळेत घ्यायला हवा. पंधरावं वर्ष उलटल्यावर कुणाला सुचून उपयोग नाही.

आणि तो एक प्रश्न? 'बस कोण देणार' हा नाही, तर 'दुसऱ्या वर्षी तिचा खर्च कोण करणार' हा! बस देतानाचा फोटो छान येतो. फीत कापली जाते, पेढे वाटले जातात. दोन वर्षांनी पंक्चर टायर बदलायला पैसे नसतात, तेव्हा तिथे कॅमेरा नसतो. मग तीच बस पुन्हा कोपऱ्यात धूळ खात उभी, फक्त यावेळी संस्थेच्या अंगणात.

तुमच्या कंपनीत सीएसआरची मीटिंग असेल, तर हे जरूर बोला. कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यातून बसच्या अंगावर लोगो रंगवण्यापेक्षा तीन वर्षांचा ड्रायव्हरचा पगार द्या. लोगोपेक्षा तो जास्त दूर जाईल.

संस्थेत काम करताय? बस घेण्याआधी हे विचारा

• बस चालवायची आहे की एका जागी उभी करायची? उभी करायची असेल तर जागा कुणाची, परवानगी कुणाची?

• रजिस्ट्रेशनची किती वर्षं शिल्लक आहेत?

• चालवायची असेल तर हेवी पॅसेंजर गाडीचं लायसन्स असलेला ड्रायव्हर, इन्शुरन्स, फिटनेस, पीयूसी यांचा वर्षाचा खर्च किती?

• पाणी, वीज आणि सांडपाणी यांची सोय काय?

• हेच काम छोट्या व्हॅनमध्ये होईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर मोठ्या बसला गोड शब्दांत नाही म्हणायला लाजू नका!