क्रीडाप्रशिक्षकाचा परवाना : त्याचा अर्थ व त्याची मर्यादा

मोटार हाकणाऱ्याजवळ परवाना नसेल, तर त्याच्या गाडीत आपण आपल्या मुलास बसवीत नाही. औषध देणारा मनुष्य वैद्यकाची परीक्षा उतरला आहे की नाही, याची चौकशी केल्यावाचून त्याच्या हाती आपण आपला देह सोपवीत नाही. परंतु जो मनुष्य आपल्या मुलास रोज तास-दोन तास उन्हात धाववितो, पडल्यावर उठवितो आणि दमल्यावर ‘आणखी एक फेरी’ म्हणून आज्ञा करितो, त्याला हा अधिकार कोणी व कशाच्या आधारावर दिला, असा प्रश्न फारच थोडे पालक विचारतात. अमेरिकेतील हायस्कुलांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर कायद्याने व नियमांनी देण्याचा प्रयत्न पुष्कळ वर्षे चालू आहे. ते उत्तर काय आहे, ते कोणत्या किंमतीने मिळाले, आणि त्यातून आपणांस घेण्यासारखे काय आहे, हे येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम परवाना व प्रमाणपत्र यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. एखाद्याने अमुक विद्या संपादन केली, अशी ग्वाही म्हणजे प्रमाणपत्र होय. ते जवळ नसले तरी काम करण्यास कोणी अडवीत नाही. परवाना ही त्याहून निराळी वस्तू आहे. तो नसेल तर ते काम करण्यास मनाईच असते. म्हणून प्रमाणपत्र हे घेणाऱ्याचे भूषण आहे, तर परवाना हे मुख्यतः दुसऱ्याचे संरक्षण आहे. प्रशिक्षकाचा परवाना प्रशिक्षकासाठी नसून खेळणाऱ्या मुलासाठी आहे, ही गोष्ट मनात ठेविली म्हणजे पुढील सर्व नियमांचा उलगडा सहज होतो.

अमेरिकेत फार काळपर्यंत शाळेतील शिक्षकच शाळा सुटल्यावर खेळ शिकवीत असत. शिक्षकाचा परवाना त्यांच्याजवळ असेच. त्यामुळे निराळी चौकशी करण्याचे कारण पडत नसे. सन १९७२ मध्ये सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत स्त्रीपुरुष असा भेद करण्यास मनाई करणारा कायदा तेथे झाला, आणि मुलींच्या खेळांस मोठा जोर आला. सन १९७१-७२ मध्ये हायस्कुलांच्या सामन्यांत भाग घेणाऱ्या मुली तीन लाखांहूनही कमी होत्या. २०२३-२४ मध्ये त्यांची संख्या ३४ लाखांवर गेली, आणि मुलगे व मुली मिळून खेळाडूंची एकूण संख्या ८० लाखांवर पोहोचली. इतक्या संघांस पुरतील इतके शिक्षक मिळेनात. तेव्हा दुकानदार, कारकून, जुने खेळाडू अशा शाळेबाहेरील मंडळींस बोलाविणे भाग पडले, आणि त्याबरोबर त्यांची पारख कशी करावी हा प्रश्नही उभा राहिला.

शिक्षण हा विषय तेथे प्रत्येक राज्याच्या हाती असल्यामुळे सर्वत्र एकच नियम नाही. उदाहरणादाखल तीन राज्ये घेऊ. आयोवा राज्यात प्रशिक्षकाजवळ शिक्षकाच्या परवान्यावर खेळाची विशेष नोंद असावी लागते, किंवा शिक्षक नसल्यास स्वतंत्र अधिकारपत्र घ्यावे लागते. त्यासाठी मानवी शरीराची रचना व कार्य, मुलांची वाढ व विकास, दुखापतींचा प्रतिबंध व शुश्रूषा, आणि प्रशिक्षणाचे शास्त्र व नीती हे विषय अभ्यासावे लागतात. हे अधिकारपत्र पाच वर्षे चालते. पुढे पुन्हा अभ्यास करून ते नवे करून घ्यावे लागते. न्यूयॉर्क राज्यात शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकास कोणताही खेळ शिकविण्याची मोकळीक आहे. अन्य विषयांच्या शिक्षकांस काही ठराविक पाठ्यक्रम पुरे करावे लागतात. बाहेरच्या मनुष्यास मात्र योग्य शिक्षक मिळत नसेल तेव्हाच, आणि तोही तात्पुरता, परवाना मिळतो. ओहायो राज्यात ‘विद्यार्थी-उपक्रम परवाना’ या नावाचा दाखला शिक्षणखात्याकडून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी हृदयक्रिया एकाएकी बंद पडल्यास काय करावे याचेही शिक्षण घ्यावे लागते. राज्याराज्यांतील हायस्कूल-संघटनांचा राष्ट्रीय महासंघ सन १९२० पासून कार्य करीत आहे. त्याने २००७ मध्ये प्रशिक्षणाच्या मूलतत्त्वांचा एक पाठ्यक्रम सुरू केला, व पुष्कळ राज्यांनी तो मान्य केला आहे.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की, या यादीत सामना कसा जिंकावा याहून मूल सुखरूप कसे राखावे याचाच अभ्यास अधिक आहे. असे का? उत्तम खेळाडू तोच उत्तम प्रशिक्षक, ही समजूत आपल्याप्रमाणे तेथेही रूढ होती. परंतु खेळाडूस स्वतःचे शरीर माहीत असते, मुलाचे नव्हे. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी वाढीचा कूर्चामय भाग असतो. तो पक्क्या हाडाइतका बळकट नसतो, व एकच हालचाल अतिशय वेळा केल्याने त्यास इजा पोहोचते. म्हणूनच बेसबॉलच्या खेळात हायस्कुलातील मुलाने एका दिवसात किती चेंडू फेकावे व मग किती दिवस विसावा घ्यावा, याची मर्यादा प्रत्येक राज्याने घालावी असा नियम २०१७ च्या हंगामापासून अमलात आला. आपल्याकडील जलद गोलंदाजी करणाऱ्या मुलांनी व त्यांच्या वडिलांनी याचा विचार करण्याजोगा आहे.

यांपैकी काही नियम मुलांच्या प्राणांचे मोल देऊन मिळाले आहेत, हे सांगताना आम्हांस वाईट वाटते. ऑगस्ट २००८ मध्ये केंटकी राज्यातील लुईव्हिल शहरी अमेरिकन फुटबॉलचा सराव चालू होता. हवा अतिशय उष्ण होती. सरावाच्या शेवटी धावण्याच्या फेऱ्या घेत असता एक पंधरा वर्षांचा मुलगा कोसळला व तीन दिवसांनी रुग्णालयात मरण पावला. प्रशिक्षकावर फौजदारी खटला झाला. सप्टेंबर २००९ मध्ये ज्यूरीने त्यास निर्दोष ठरविले. न्यायासनाचा निर्णय काहीही होवो, गेलेला मुलगा परत येणार नव्हता. परंतु त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने असा कायदा केला की, क्रीडासुरक्षेचा पाठ्यक्रम पूर्ण केलेला निदान एक मनुष्य प्रत्येक सरावाच्या व सामन्याच्या वेळी हजर असलाच पाहिजे.

अशा मनुष्यास काय ठाऊक असावे लागते? परिश्रमाने होणाऱ्या उष्माघातात शरीराचे आतील उष्णतामान १०४ अंश फॅरनहीटच्या वर जाते. मुलगा बरळू लागतो, झोकांड्या खातो किंवा शुद्ध हरपतो. त्या वेळी रुग्णवाहिकेस बोलवावे. पण तिची वाट पाहत बसू नये. बर्फ घातलेल्या पाण्याच्या टाकीत त्यास गळ्यापर्यंत बुडवावे व डोके धरून ठेवावे. आधी थंड करणे, मग रुग्णालयात नेणे, हा तेथील वैद्यांचा दंडक आहे. पहिल्या अर्ध्या तासात उष्णता उतरविली तर बहुधा प्राण वाचतो. तसेच हंगामाच्या आरंभी शरीरास उष्णतेची सवय हळूहळू, सुमारे चौदा दिवसांत, लावावी. पहिल्या पाच दिवसांत दिवसातून एकच सराव घ्यावा, अशी सूचना २००९ मध्ये तेथील वैद्यकीय व क्रीडाविषयक संस्थांनी एकत्र येऊन केली. वैशाखाच्या उन्हात शिबिरे भरविणाऱ्या आपल्या प्रांतास ही माहिती परकी वाटू नये.

दुसरी गोष्ट डोक्यास बसणाऱ्या हादऱ्याची. सन २००६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील एक तेरा वर्षांचा मुलगा डोक्यास मार लागल्यावरही पुन्हा मैदानात उतरला, आणि सामन्यानंतर कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाल्याने तो कायमचा अधू झाला. २००९ मध्ये त्या राज्याने लिस्टेड कायदा या नावाने प्रसिद्ध असलेला कायदा केला. मेंदूस हादरा बसल्याचा संशय येताच खेळाडूस बाहेर काढावे, आणि त्या विषयातील जाणत्या वैद्यकीय अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळेपर्यंत पुन्हा खेळू देऊ नये, असे त्यात सांगितले आहे. २०१४ पर्यंत सर्व ५० राज्यांनी या विषयावर कायदे केले. ‘काही होत नाही, ऊठ!’ हे शब्द आपण मर्दपणाचे समजतो. परंतु ते कधी उच्चारू नयेत, हे शिकणे हाही प्रशिक्षकाच्या विद्येचा भाग आहे.

तिसरी चौकशी शीलाची. न्यूयॉर्क राज्यात सन २००१ पासून नव्याने शाळेत काम करू इच्छिणाऱ्या मनुष्याच्या बोटांचे ठसे घेऊन त्याचा पूर्वेतिहास तपासण्यात येतो. प्रशिक्षकाच्या शब्दावर मुलाची संघातील निवड अवलंबून असते, आणि म्हणून त्याची सत्ता इतर शिक्षकांहूनही अधिक असते. सत्ता जेथे मोठी, तेथे चौकशीही मोठी असावी, हे कोणासही पटेल.

तथापि परवान्यावर आक्षेप घेणारेही आहेत, व त्यांचे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ नाही. लहान गावातील शाळेस अगोदरच माणूस मिळत नाही. अटी वाढविल्या तर उत्साही मनुष्यही माघार घेईल आणि मुलांचा खेळच बंद पडेल. तात्पुरत्या परवान्याची सोय याच अडचणीतून निघाली आहे. शिवाय चार पाठ्यक्रमांनी ममता येत नाही, आणि बोटांचे ठसे गतकाळचा गुन्हा दाखवितील, उद्याचा नाही. परवाना हा उंबरठा आहे, घर नव्हे. तो ओलांडल्यावाचून आत येऊ देऊ नये हे खरे, पण ओलांडला म्हणजे सर्व झाले असेही समजू नये.

आपल्या देशात या विद्येचा पाया पूर्वीच घातला गेला आहे. हॅरी क्रो बक या अमेरिकन गृहस्थांनी सन १९२० मध्ये मद्रास येथे वाय. एम. सी. ए. चे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले. मुंबई सरकारने १९३८ मध्ये कांदिवली येथे अशीच संस्था काढली; आणि १९६१ मध्ये पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडासंस्था स्थापन होऊन प्रशिक्षकांस पदविका मिळू लागली. फुटबॉलसारख्या खेळांत त्या त्या खेळाच्या संघटना आपापले परवाने देतात. परंतु संध्याकाळी मोकळ्या मैदानावर जे खासगी वर्ग चालतात, तेथे पालकांची जागरूकता हाच पुष्कळदा एकमेव पहारा असतो.

म्हणून पालकांस आमची विनंती अशी आहे की, फी किती व करंडक किती जिंकले, हे विचारण्यापूर्वी पुढील गोष्टी विचाराव्या : आपण हे काम कोठे शिकलात? मूल बेशुद्ध पडले तर प्रथम काय कराल? मैदानावर पाणी, बर्फ व प्रथमोपचाराची पेटी आहे काय? आपल्या चारित्र्याची पडताळणी कोणी केली आहे? चांगला प्रशिक्षक या प्रश्नांनी रागावणार नाही. आणि विद्यार्थीमित्रहो, तुम्हीही एक गोष्ट ध्यानात ठेवा. चक्कर येते, डोके दुखते किंवा कोणाच्या वर्तनाने मन अस्वस्थ होते, हे सांगणे भित्रेपणाचे लक्षण नव्हे. ते न सांगितल्यास उत्तम परवाना असलेला प्रशिक्षकही तुमचे रक्षण करू शकणार नाही. सन २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याप्रमाणे मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. तेव्हा तुम्ही बोललात तर ऐकून घेणे व पुढे जाणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्यच ठरते.

सामना हरला तर पुढच्या वर्षी पुन्हा जिंकता येतो. मैदानावर गेलेले प्रत्येक मूल संध्याकाळी आपल्या पायांनी घरी आले पाहिजे, ही खेळाची पहिली अट आहे. आणि प्रशिक्षकाच्या परवान्यात जे काही लिहिलेले असते, त्याचे सार एवढेच आहे.