फायलींच्या पलीकडची पदवी

कॅलिफोर्नियातल्या हिंक्ली गावच्या पाण्यात विषारी क्रोमियम उतरल्याचा माग एरिन ब्रोकोविच यांनी काढला, तेव्हा त्या एका वकिलाच्या कचेरीत फायली लावायचं काम करत होत्या. कायद्याचं शिक्षण नव्हतं. १९९६ साली ते पाणी दूषित करणाऱ्या ‘पीजी अँड ई’ कंपनीनं ३३ कोटी ३० लाख डॉलर मोजून ते प्रकरण मिटवलं.

नुसतं काम करत करत पॅरालीगल, म्हणजे वकिलाच्या हाताखाली कायद्याची कामं करणारा सहाय्यक, होण्याची वाट तिथं आता बंद आहे. २००१ पासून हा हुद्दा लावायला ठरावीक शिक्षण लागतं. शालान्त शिक्षण आणि अनुभव एवढ्यावर वकिलाकडून पात्रतेचा दाखला घेऊन पॅरालीगल होण्याची सवलत २००३ अखेर संपली.

ज्याच्या खिशात फारसं काही नाही, त्याला आधार कम्युनिटी कॉलेजचा. तिथल्या दोन वर्षांच्या पदवीला ६० युनिटं (श्रेयांक); राज्याच्या रहिवाशाला युनिटमागे ४६ डॉलर, म्हणजे सगळी फी २,७६० डॉलर. मान्यताप्राप्त कॉलेजच्या अभ्यासक्रमात कायद्याच्या विषयांची किमान २४ युनिटं असली, की पात्रता मिळते.

शिकायचं काय? मुख्यतः कागद वाचायला. दोन्ही पक्ष एकमेकांना पुरावे देतात तेव्हा प्रत्येक पानावर अनुक्रमांक पडतो, त्याला ‘बेट्स नंबर’ म्हणतात. वकील-अशिलातलं एखादं खासगी पत्र नंबर पडून समोरच्यांच्या गठ्ठ्यात गेलं, तर ते परत मिळवताना नाकी नऊ येतात. समन्स हातात पडल्यापासून उत्तराला ३० दिवस. ती तारीख सांभाळणं बहुधा पॅरालीगलकडेच. कायदेशीर सल्ला देणं, अशिलातर्फे कोर्टात उभं राहणं मात्र वर्ज्य. आपल्याकडे विधी सेवा प्राधिकरणाच्या स्वयंसेवकांनाही ‘पॅरालीगल’ म्हणतात; ते काम निराळं.

खरी मेख पुढेच आहे. २०१० च्या कायद्यानं कम्युनिटी कॉलेजांत ‘ट्रान्सफर पदवी’ आली. ती घेतलेल्याला कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत जागेची हमी मिळते (हव्या त्याच कॅम्पसची नव्हे) आणि त्याच विषयाला धरून राहिलं तर आणखी ६० युनिटांत बॅचलर होता येतं. पण पॅरालीगलची पदवी म्हणजे ट्रान्सफर पदवी नव्हे! तिची बरीच युनिटं विद्यापीठात ऐच्छिक म्हणून जमा होतात, काही होतच नाहीत. दोन वर्षं राबून हे कळणं फार जिव्हारी लागतं. उद्या लॉ स्कूलचं स्वप्न असेल, तर ‘कायदा, सार्वजनिक धोरण आणि समाज’ या विषयाची ट्रान्सफर पदवी घ्यावी आणि जोडीला पॅरालीगलचं प्रमाणपत्र करावं, असं माझं ठाम मत आहे. पहिल्याच सत्रात समुपदेशकासमोर बसून कुठलं युनिट कुठं धरलं जाईल, ते लेखी घ्यावं.