मामा घर का सोडत नव्हता?

एक छोटीशी टेस्ट! तीन हजार रुपये नक्की मिळणार, किंवा चार हजार मिळण्याची शक्यता ८० टक्के, नाहीतर ठणठण गोपाळ. काय घ्याल? तीन हजार ना? आता उलटं करू. तीन हजार नक्की जाणार, किंवा ८० टक्के शक्यता चार हजार जाण्याची आणि २० टक्के काहीच न जाण्याची. आता मात्र तुम्ही म्हणाल, 'घेऊ की रिस्क!'

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांच्या १९७९ च्या पेपरमध्ये पहिल्या प्रश्नात ८० टक्क्यांनी खात्रीचे पैसे घेतले, दुसऱ्यात ९२ टक्क्यांनी जुगार! हीच 'प्रॉस्पेक्ट थिअरी'. कानेमनना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. फंडा सिंपल आहे: नुकसान अटळ दिसलं, की ते टाळायला माणूस आणखी मोठा धोका पत्करतो.

मला हे पटलं ते शिरोळच्या मामामुळे.

शिरोळ तालुक्यात नरसोबावाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. ऑगस्ट २०१९. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी गेलं ५५ च्या वर. मी पुण्याहून फोनवर फोन करतेय, मामा ढिम्म. "पोरी, २००५ ला पायरीला लागून परत गेलंय. आता कुठलं वर येतंय?"

हट्टी म्हातारा, असं वाटलं तेव्हा. पण त्याचा हिशेब बघा. घर सोडलं तर दोन म्हशी, डेअरीचं दूध, घरातलं धान्य, सगळ्यावर आजच पाणी. थांबलं तर... कदाचित काहीच नाही! आणि मोजायची पट्टी एकच, २००५ ची पायरी.

दुसऱ्या रात्री मामा-मामी बोटीतून बाहेर आले. एक म्हैस आली नाही.

जुलै २०२१ ला पुन्हा पूर. या वेळी मामेभाऊ 'घर सोडा' म्हणालाच नाही. त्याने आधी म्हैस उंचावरच्या पाहुण्यांकडे नेऊन बांधली, मग धान्याची पोती हलवली. संध्याकाळी मामा स्वतःच पिशवी घेऊन दारात उभा!

माणसाला भीती घालून हलवता येत नाही, बॉस. त्याचं जे नक्की जाणार आहे, ते आधी कमी करावं लागतं.

आणि हो, 'वर येईल' म्हणून तो पडलेला शेअर तुम्ही अजून धरून बसलाय ना? मामाला हसू नका!